फिनिक्सच्या वाळवंटी अंगणात मोगरा: रोप निवडण्यापासून गजऱ्यापर्यंत

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स आणि आजूबाजूच्या चँडलर, गिल्बर्ट, पिओरिया या गावांत राहायला आलेल्या मराठी घरांत पहिल्या वर्षी तुळस लागते, दुसऱ्या वर्षी मोगरा येतो, आणि त्यातले बरेच मोगरे त्याच वर्षीच्या जुलैत वाळतात. माझे पहिले दोन असेच गेले. दोन्ही वेळा मी उन्हाला दोष दिला आणि दोन्ही वेळा तो चुकीचा होता. तिसरे रोप आज कंबरेइतके उंच आहे आणि एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत कमी-अधिक फुलते. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस येथील कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या खाली आले नाही, तेव्हाही ते तगले. आधीच्या दोन रोपांच्या आणि या रोपाच्या वाट्याला आलेले ऊन सारखेच होते. फरक पडला तो पाणी देण्याच्या पद्धतीत, मातीच्या जाणिवेत आणि जागेच्या निवडीत. म्हणून या लेखात उन्हाबद्दल थोडे आणि मुळांबद्दल बरेच लिहिले आहे.

१. कुदळ हाती घेण्यापूर्वी

घर स्वतःचे असले तरी दोन गोष्टी आधी उरकाव्यात. वसाहतीला होम ओनर्स असोसिएशन असेल, तर घराच्या पुढच्या अंगणात कोणती झाडे चालतात याची यादी तिच्या नियमावलीत बहुधा असते. मोगरा त्या यादीत नसेल तर लेखी परवानगी घ्यावी, किंवा सरळ मागच्या अंगणात लावावा. दुसरी गोष्ट म्हणजे ८११ या क्रमांकावर खोदकामाची सूचना देणे. ही सेवा विनामूल्य आहे. सूचना दिल्यानंतर पूर्ण दोन कामाचे दिवस जाऊ द्यावे लागतात. तेवढ्या काळात गॅस, वीज आणि केबलच्या वाहिन्यांवर रंगीत खुणा करून दिल्या जातात. एका झुडपासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटते खरे, पण येथील जमिनीत पहार मारावी लागते आणि पहारेला केबल आणि दगड यांतला फरक कळत नाही.

भारतातून रोप आणण्याचा मोह टाळावा. मातीसकट रोप अमेरिकेत आणू देत नाहीत, आणि मातीविना आणलेल्या फांदीलाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. पिशवीत लपवून आणलेली काडी विमानतळावर सापडली तर ती जप्त होते आणि दंडही बसू शकतो. मोगरा येथील रोपवाटिकांत सहज मिळतो, तेव्हा हा धोका पत्करण्याचे कारण नाही.

हाताशी असावीत अशी साधने:

- पहार, कुदळ, फावडे आणि घमेले
- सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीची लोखंडी सळई (या लेखातील सर्वांत महत्त्वाचे साधन)
- ठिबकची नळी आणि तासाला ४ लिटर पाणी सोडणारे चार ड्रिपर
- लाकडाचे तुकडे किंवा झाडाच्या सालीचे आच्छादन, दोन-तीन पोती
- ईडीडीएचए प्रकारातील चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह (भाग ७ पाहावा)
- सावलीसाठी जाळीचे कापड आणि हिवाळ्यासाठी जुन्या सुती चादरी

२. खरा मोगरा ओळखणे

येथे पहिला सापळा लागतो. रोपवाटिकेत ‘जास्मिन’ या नावाखाली निदान पाच वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. ‘स्टार जास्मिन’ सर्वांत जास्त दिसते. तिची फुले पांढरी आणि सुवासिक असतात, पण ती जाई-जुई-मोगऱ्याच्या कुळातली नव्हेच. पान तोडले की पांढरा चीक येतो, ही तिची खूण. ‘केप जास्मिन’ म्हणजे आपला अनंत. तो या मातीत मोगऱ्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. ‘नाइट ब्लूमिंग जास्मिन’ म्हणजे रातराणी, ‘ऑरेंज जास्मिन’ म्हणजे कामिनी, आणि पिवळ्या फुलांची ‘कॅरोलायना जेसमिन’ तर विषारी वेल आहे. माझे पहिले रोप मोगरा म्हणून विकले गेले होते आणि ते स्टार जास्मिन निघाले. चीक पाहूनही मला कळले नाही, कारण तेव्हा ही खूण मला ठाऊक नव्हती.

म्हणून चिठ्ठीवरचे इंग्रजी नाव वाचण्यापेक्षा शास्त्रीय नाव वाचावे: जास्मिनम सँबॅक. रोपवाटिकेत याला बहुधा ‘अरेबियन जास्मिन’ म्हणतात. त्यातही तीन प्रकार नेहमी मिळतात. ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’ कमी पाकळ्यांचा, भरभर वाढणारा आणि भरपूर फुलणारा आहे. ‘बेल ऑफ इंडिया’च्या पाकळ्या लांबट असतात. ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ म्हणजे आपला गच्च पाकळ्यांचा बटमोगरा. बटमोगरा पाहिल्यावर हात तिकडेच जातो, परंतु तो हळू वाढतो, फुले मोजकी देतो आणि चुकांना माफ करीत नाही. पहिले झाड ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’चेच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोप फार मोठे घेऊ नये. साधारण २० लिटरच्या कुंडीतील रोपापेक्षा ४ लिटरच्या कुंडीतील रोप नव्या मातीत लवकर रुजते. कुंडी आडवी करून तळाची भोके पाहावीत. मुळे गोल-गोल गुंडाळून बाहेर आली असतील तर ते रोप सोडून द्यावे.

३. जागा

मोगऱ्याला फुलण्यासाठी दिवसाला सुमारे सहा तास ऊन लागते, हे पुण्या-मुंबईत जितके खरे आहे तितकेच येथेही आहे. मात्र ते सहा तास सकाळचे असले पाहिजेत. घराच्या पूर्वेची भिंत उत्तम. दुपारी एकनंतर घराची सावली पडते आणि झाडाला श्वास घेता येतो. पश्चिमेची सिमेंट-ब्लॉकची भिंत मात्र तव्यासारखी तापते आणि सूर्य मावळल्यावरही कित्येक तास उष्णता ओकत राहते, त्यामुळे रोपाला रात्रीही विसावा मिळत नाही. माझे दुसरे रोप अशाच भिंतीपाशी होते.

अंगणात सजावटीची खडी पसरलेली असेल तर झाडाभोवतीच्या एक मीटर घेरातील खडी काढून टाकावी, कारण ती खालून ऊन परतवते. जवळ पालो वर्दे किंवा मेस्किटसारखे विरळ सावलीचे झाड असेल तर त्याच्या पूर्वेच्या अंगाला लावण्यासारखी दुसरी जागा नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना कुंडीवाचून गत्यंतर नसते. कुंडी निदान ४५ सेंटिमीटर रुंद आणि फिकट रंगाची असावी. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उन्हाच्या बाजूची मुळे अक्षरशः शिजतात. एका मोठ्या कुंडीत दुसरी लहान कुंडी ठेवून मधल्या फटीत लाकडाचे तुकडे भरले तर बराच फरक पडतो. कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी लागेल, हे गृहीत धरूनच हा मार्ग निवडावा आणि सुट्टीत भारतात जाताना पाण्याची सोय कोण करील, हे आधी ठरवावे.

४. खड्डा आणि निचऱ्याची परीक्षा

कोकणातील तांबडी माती किंचित आम्ल असते आणि मोगऱ्याला ती मानवते. फिनिक्सच्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ८ च्या आसपास असतो, तिच्यात सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो आणि अनेक ठिकाणी वीतभर किंवा हातभर खाली चुनखडीचा सिमेंटसारखा घट्ट थर लागतो. याला येथे ‘कलीची’ म्हणतात. कुदळ त्यावर आपटली की ठण्ण आवाज येतो आणि पांढरी भुकटी उडते. या थराच्या वर लावलेल्या झाडाची मुळे बशीत ठेवल्यासारखी राहतात: पाणी दिले की कुजतात, नाही दिले की वाळतात.

खड्डा रोपाच्या मातीच्या गोळ्याइतकाच खोल आणि त्याच्या तिप्पट रुंद करावा. लावण्याआधी तो पाण्याने काठोकाठ भरावा, ते जिरू द्यावे आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी २४ तासांत पूर्ण जिरले तर पुढे जावे. जिरले नाही तर पहारेने तळाशी एक नळकांड्यासारखे भोक पाडून थराच्या आरपार जावे लागते. थर जाड असेल तर जागा बदलावी किंवा ४० सेंटिमीटर उंचीचा वाफा बांधून त्यात लावावे. ही परीक्षा कंटाळवाणी आहे आणि बहुतेक लोक ती गाळतात. मीही दोनदा गाळली.

५. लावणी

लावणीचा योग्य काळ मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा. तेव्हा थंडीचे भय संपलेले असते आणि कडक उन्हाळ्यापूर्वी मुळे पसरायला दीड-दोन महिने मिळतात. ऑक्टोबरात हवा सुखद असल्याने लावण्याची इच्छा होते, पण तेव्हा लावलेले कोवळे रोप न रुजताच हिवाळ्याला सामोरे जाते.

खड्ड्यातून निघालेल्या मातीत तिच्या पाव भाग कंपोस्ट मिसळावे, त्याहून जास्त नको. पोत्यांत मिळणारे शेणखत शक्यतो टाळावे, कारण त्यात क्षार बरेच असतात आणि क्षारांची येथे मुळीच वाण नाही. रोपाच्या मातीच्या गोळ्याचा माथा जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वर ठेवावा, भोवती रुंद आळे करावे आणि त्यावर ७ ते ८ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन पसरावे. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये. वीतभर जागा मोकळी ठेवावी. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून जाळीच्या कापडाचा आडोसा करावा.

६. पाणी

फिनिक्सला वर्षभरात सरासरी १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तेवढा पाऊस व्हायला येथे पाच वर्षे लागतात. त्यामुळे झाडाचे सारे पाणी तुमच्या हातून जाणार, आणि ते पाणी सॉल्ट, व्हर्डे व कोलोरॅडो नद्यांचे, क्षारयुक्त आणि जड असते. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

नवख्या माणसाची सवय अशी असते की संध्याकाळी घरी आल्यावर नळी घ्यायची आणि प्रत्येक झाडाला अर्धा मिनिट पाणी दाखवायचे. हे पाणी वरच्या चार बोटे मातीत राहते, दुसऱ्या दिवशी उडून जाते आणि आपले क्षार तिथेच ठेवून जाते. मुळे पाण्याच्या मागे वर येतात, म्हणजे नेमकी तापलेल्या आणि खारट थरात. महिनाभरात जुन्या पानांची टोके व कडा तपकिरी होऊन करपतात, आणि माणूस म्हणतो की उन्हाने जाळले.

त्याऐवजी पाणी विरळ पण खोल द्यावे. पाणी ५० ते ६० सेंटिमीटरपर्यंत मुरले पाहिजे. मीटरभर घेराच्या झुडपाला त्यासाठी एका वेळी ३० लिटरच्या आसपास पाणी लागते. तासाला ४ लिटरचे चार ड्रिपर दोन तास चालवले की ते होते. ड्रिपर खोडाशी न ठेवता पानांच्या घेराच्या कडेला, चार दिशांना ठेवावेत आणि झाड वाढेल तसे बाहेर सरकवावेत. पाणी दिल्यानंतर तासाभराने सळई जमिनीत दाबावी. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरडी माती लागली की अडते. जिथे अडली तिथे पाणी संपले. माझ्या सळईवर मी ३० आणि ६० सेंटिमीटरला रंगाच्या खुणा केल्या आहेत.

रुजलेल्या झाडासाठी वेळापत्रक साधारण असे ठेवावे: वसंतात आणि शरदात ७ ते १० दिवसांनी, उन्हाळ्यात ५ ते ७ दिवसांनी, हिवाळ्यात १० ते १४ दिवसांनी. नव्या रोपाला पहिले दोन आठवडे एक-दोन दिवसांआड पाणी द्यावे आणि मग हळूहळू अंतर वाढवावे. पहिल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन दिवसांपलीकडे नेऊ नये. महिन्या-दीड महिन्यातून एकदा नेहमीच्या दुप्पट वेळ पाणी सोडावे, म्हणजे साठलेले क्षार मुळांच्या खाली वाहून जातात.

जूनमध्ये दुपारी चारला पाने माना टाकतात. ते पाहून नळीकडे धावू नये. सकाळी सहाला पुन्हा पाहावे. पाने ताठ झालेली असतील तर झाडाला तहान लागलेली नव्हती. सकाळीही माना पडलेल्याच असतील तर आधी सळई घालावी, कारण अतिपाण्याने मुळे कुजलेले झाडही असेच दिसते आणि त्याला आणखी पाणी देणे म्हणजे त्याचा शेवट करणे.

पाण्याच्या बाबतीत आणखी तीन सापळे आहेत. पहिला म्हणजे वॉटर सॉफ्टनरचे, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचे, पाणी: त्यातील सोडियम मातीला आणि झाडाला दोघांनाही बाधते, म्हणून अंगणाचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या जोडणीवर आहे ना, हे तपासावे. दुसरा सापळा आपल्या काटकसरी स्वभावाचा आहे. स्वयंपाकघरातील आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत धरून झाडांना घालावे असे कोणत्याही मराठी माणसाला वाटेल, परंतु त्या पाण्यात मूळच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. धरायचेच असेल तर एसीतून ठिबकणारे पाणी धरावे, ते जवळजवळ क्षारमुक्त असते. तिसरा सापळा उन्हात पडलेल्या नळीचा. जुलैत तिच्यातले पहिले पाणी हात भाजेल इतके गरम येते; ते बादलीत सोडून द्यावे आणि थंड धार आल्यावरच झाडाकडे वळावे.

७. पिवळी पाने

जुनी पाने कडेने करपली तर क्षार, हे वर आलेच. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता असते. मातीत लोह नसते असे नाही. सामू जास्त असल्याने ते मुळांना घेता येत नाही. म्हणून गंजलेले खिळे पुरण्याने काही होत नाही, आणि साधे फेरस सल्फेट घातले तरी तेही थोड्याच दिवसांत तसेच अडकून बसते. चिलेटेड लोहातही फरक असतो: ईडीटीए प्रकार या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतो. पाकिटावर हे शब्द बारीक अक्षरांत असतात, ते शोधूनच घ्यावे. फेब्रुवारीअखेरीस पाकिटावरील प्रमाणात पाण्यात मिसळून ओल्या मातीत द्यावे. नवी पाने दोन-तीन आठवड्यांत हिरवी येऊ लागतात. हे द्रावण गडद लाल असते आणि फरशीवर सांडले तर डाग निघत नाही. आमच्या अंगणातील एक लादी त्याची साक्ष देत आहे.

लोह देण्यापूर्वी सळई घालून पाहावी, कारण सतत ओल्या राहिलेल्या मातीतही हीच लक्षणे दिसतात आणि तेव्हा पाणी कमी करणे हाच उपाय असतो.

८. थंडी, आणि छाटणीची घाई

वाळवंटात थंडी पडते हे अनेकांना पहिल्या डिसेंबरात कळते. शहराच्या मध्यभागी पारा क्वचितच गोठणबिंदूला जातो, पण क्वीन क्रीक किंवा बकायसारख्या कडेच्या भागांत दरवर्षी काही रात्री हिमकण पडतात. रात्रीचा अंदाज ३५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर दुपारी मातीला पाणी द्यावे, कारण ओली माती उष्णता धरून ठेवते. सूर्यास्तापूर्वी झाडावर चादर घालावी आणि ती जमिनीपर्यंत पोचू द्यावी. प्लास्टिक पानांना टेकले तर तिथेच पाने काळी पडतात. चादरीखाली दिवाळीची जुनी, गरम होणारी बल्बची माळ, बाहेर वापरण्याजोगी असेल तर, लावता येते. एलईडीची माळ शोभेची, तिच्याने ऊब येत नाही. सकाळी चादर काढावी.

महाराष्ट्रात मोगऱ्याचे पाणी तोडून हिवाळ्यात छाटणी करतात, म्हणजे उन्हाळ्याचा बहार चांगला धरतो. ती सवय येथे आणू नये. डिसेंबर-जानेवारीत छाटले तर लगेच कोवळे फुटवे येतात आणि पुढच्या थंड रात्री ते करपतात. थंडीने काळ्या पडलेल्या फांद्याही तशाच राहू द्याव्यात. त्या खालच्या फुटव्यांना झाकतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात किंवा मार्चच्या सुरुवातीला सर्व फांद्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत छाटाव्यात, उरलेली जुनाट पाने ओरबाडून टाकावीत आणि मग अमोनियम सल्फेटसारखे नत्रयुक्त खत अगदी बेताने, ओल्या मातीत द्यावे. पुढे दर सहा आठवड्यांनी ते पुन्हा द्यावे. मात्र जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत खत बंद ठेवावे.

९. मे-जूनचा कोळी

कोरड्या हवेत पानांवर फिकट ठिपके आणि खालच्या बाजूला बारीक जाळी दिसू लागली तर ती कोळी कीड. पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. चालणारे ठिपके दिसले की खात्री होते. पहाटे पानांच्या खालून जोरदार पाण्याचा फवारा, तीन दिवसांनी पुन्हा, असे दोन आठवडे केले की बहुधा औषधाची गरज पडत नाही. धुळीचे वादळ येऊन गेल्यावरही झाड असेच धुवावे, कारण धूळ बसलेल्या पानांवर कोळी लवकर वाढतो.

१०. फुले

पहिला बहार एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात येतो. जूनच्या कोरड्या वाऱ्यात कळ्या लहान राहतात आणि काही उमलण्यापूर्वीच जांभळट होऊन वाळतात; ते झाडाचे दुखणे नव्हे. जुलैत पावसाळी हवा सुरू झाली की पुन्हा टपोऱ्या कळ्या धरतात आणि खरा सुवास तेव्हाच येतो, कारण हवेत थोडा ओलावा असतो.

गजऱ्यासाठी कळ्या संध्याकाळी उमलण्यापूर्वी, पाचच्या सुमारास खुडाव्यात. पूर्ण पांढऱ्या झालेल्या, टचटचीत पण मिटलेल्या कळ्या निवडाव्यात, हिरवट राहिलेल्या खुडल्या तर उमलत नाहीत. ओल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतात. मोगरा नव्या फुटव्यावरच फुलतो, म्हणून प्रत्येक बहार ओसरला की फुलून गेलेल्या फांद्या दोन पेरे खाली खुडाव्यात आणि त्या दिवशी खोल पाणी द्यावे. पुढच्या कळ्या साधारण महिनाभराने दिसू लागतात.